तिसरी गोळी: डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरच्या बारा आठवड्यांच्या नोंदी

६ जानेवारी

दोन वर्षं हे रिव्हॉल्व्हर मी सिंगल अ‍ॅक्शनमध्येच चालवत आले. अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, चापाला जेमतेम बोट लावायचं, गोळी सुटते. डबल अ‍ॅक्शनमध्ये घोडा मागे नेण्याचं कामही चापच करतो, आणि तिथे माझ्या कागदाची चाळण होते. बारा आठवडे फक्त डबल अ‍ॅक्शन चालवायची, असं ठरवलंय. (काही जण चापालाच घोडा म्हणतात. या नोंदींत चाप म्हणजे बोटाने ओढायचा तो, आणि घोडा म्हणजे मागे जाऊन काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरवर आपटतो तो.)

आज फक्त मोजमाप. .३८ स्पेशल काडतुसाचं रिव्हॉल्व्हर, सहा इंची नळी, फिरत्या सिलिंडरमध्ये सहा चेंबर (काडतुसांची भोकं), मागची साईट (नेम धरायची खाच) फिरवता येणारी. काडतुसं १४८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वॉडकटर गोळ्यांची. त्यांचं तोंड सपाट असतं, पंचिंग मशीनने पाडल्यासारखं गोल भोक पडतं, मोजायला सोपं. अंतर १५ मीटर, उभ्याने, दोन्ही हातांनी. टार्गेट २५ मीटर प्रिसिजनचं: काळा भाग २०० मिमी, दहाचं वर्तुळ ५० मिमी. एका कागदावर सहा गोळ्या, आणि सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर म्हणजे ग्रुप.

सिंगल, पाच कागद: सरासरी ७२ मिमी.
डबल, पाच कागद: सरासरी १९४ मिमी. तीन गोळ्या काळ्याच्या बाहेर.

नळी, काडतुसं, साईट, डोळे, दोन्हीकडे सगळं तेच. म्हणजे १२२ मिमीचा फरक माझ्या हातांचा. हे वहीत लिहूनही घरी निघण्याआधी एक आगाऊपणा केला. डबलच्या बऱ्याचशा गोळ्या खाली डावीकडे जात होत्या, म्हणून मागची साईट चार क्लिक उजवीकडे फिरवली.

(नंतरची भर: हे करू नका. याचं बिल मार्चमध्ये आलं.)

८ जानेवारी

सामानाची बॅग तोलायचा हुकवाला काटा चापात अडकवून पाहिला. सिंगलला १.५ किलो. डबलला ५.२ किलो. रिव्हॉल्व्हरचं स्वतःचं वजन १.१ किलो. म्हणजे जी वस्तू मी स्थिर धरू पाहतेय, तिच्या जवळजवळ पाचपट जोर तिच्यावरच एका बोटाने लावतेय. आंतरराष्ट्रीय सेंटर फायर स्पर्धेत चापाचं किमान वजन १ किलो असतं, ते वाचून आज थोडं हसू आलं.

घरचा सराव सुरू केला. रोज वीस मिनिटं ड्राय (खरी काडतुसं न भरता नुसता चाप ओढणं), साधारण साठ वेळा चाप. नियम लिहून भिंतीला लावलेत: काडतुसं त्या खोलीत नाहीत, सिलिंडर उघडायचा, सहाही भोकांत करंगळी घालून बघायची, चेंबरमध्ये स्नॅप कॅप (डमी काडतुसं), नेम फक्त त्या भिंतीवर, जिच्यामागे कुणी नसतं आणि जिला टेकून जाड पुस्तकांचा गठ्ठा ठेवलाय. .२२ रिमफायर (काडतुसाच्या काठावर पिन आपटून उडणारं) असेल तर योग्य डमीशिवाय ड्राय करूच नका, पिन चेंबरच्या काठावर आपटून काठ चेपतो.

दुसऱ्या दिवशीची भर: सरावात मधेच फोन आला. बोलून परत आले आणि सिलिंडर न उघडता सराव पुढे सुरू केला. तीन-चारदा चाप ओढल्यावर लक्षात आलं. आत स्नॅप कॅपच होत्या, पण त्या दिवसाचा सराव तिथेच बंद केला. आता खोलीबाहेर पाय पडला की करंगळी पुन्हा.

१३ जानेवारी

खूश आहे. क्लबमधल्या एकांनी युक्ती सांगितली. डबल अ‍ॅक्शनचा चाप ओढताना सिलिंडर फिरतो, आणि चाप शेवटाला येण्याच्या थोडं आधी सिलिंडरचा अडसर खाचेत पडतो. बारीक ‘टक्’ ऐकू येतो, बोटालाही जाणवतो. तिथे थांबायचं, साईट नीट लावायची आणि उरलेला केसभर चाप सिंगलसारखा दाबायचा.

६० गोळ्या. सरासरी १२१ मिमी. एका आठवड्यात ७३ मिमी कमी! बारा आठवड्यांचा प्रकल्प तीनच आठवड्यांत उरकतोय असं वाटलं.

२० जानेवारी

उरकला नाही.

प्रशिक्षक सरांनी आज ‘चालू’ म्हटल्यावर एकेक गोळी तीन सेकंदांत मारायला लावली. सरासरी २११ मिमी, म्हणजे सुरुवातीपेक्षाही वाईट. ‘टक्’ शोधत बोट हळूहळू येतं, तो सापडला की मेंदू म्हणतो ‘आता!’, आणि बोट उरलेला चाप हिसकतं. सावकाश मारताना हिसका कमी होता, एवढाच काय तो फरक. शिवाय दर चार-पाच गोळ्यांमागे एकदा थांबायची जागा चुकायची आणि मला पत्ता नसताना गोळी सुटायची.

सर मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, “मॅडम, तुम्ही चाप ओढत नाही आहात. वाट बघताय.”

काही चांगले नेमबाज असं मधे थांबून मारतात, हे मला माहीत आहे. मला ते अजून पेलत नाही. या दोन आठवड्यांत १२० गोळ्या आणि रोजची वीस मिनिटं खर्च झाली ती बोटाला थांबायची सवय लावण्यात, आणि आता ती सवय मोडायला वेगळे आठवडे जाणार.

नवीन सूचना एकच: चाप हलायला लागला की घोडा पडेपर्यंत एकाच वेगाने. मधे साईट हलली तर हलू दे, बोट थांबवायचं नाही. घरी नळीच्या सपाट पट्टीवर रिकामी पुंगळी (उडालेल्या काडतुसाचं कवच) उभी करून ओढतेय. आज दहापैकी दोनदा उभी राहिली.

२७ जानेवारी

आजची चूक मोठी, पण तिच्याच पोटातून कामाची गोष्ट निघाली.

५.२ किलोवर उपाय म्हणून मुठीच्या आतला स्प्रिंगवर दाब देणारा स्क्रू दीड फेरा सैल केला. काटा ४.१ दाखवायला लागला. घरी चाप लोण्यासारखा. पुंगळी दहापैकी सातदा उभी.

रेंजवर ४८ काडतुसांपैकी ७ उडाली नाहीत. प्रायमरवर नखाने टोचल्यासारखा उथळ खड्डा. घोड्याचा जोर चापाच्या जोरातूनच येतो. एक कमी केला की दुसराही कमी होणारच. (न उडालेलं काडतूस उशिरा उडू शकतं. नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं, मगच सिलिंडर उघडायचा.)

आता कामाची गोष्ट. पहिलं काडतूस उडालं नाही तेव्हा घोडा ‘टप’ असा पडला, आवाज नाही, झटका नाही, आणि तरी माझी नळी चांगली दोन बोटं खाली गेली. डावीकडे. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. गोळी सुटते तेव्हा हे झटक्यात लपून जातं. सातपैकी सहा वेळा नळीने अशी डुबकी मारली.

म्हणजे खाली डावीकडच्या गोळ्या आल्या त्या इथून. झटका यायच्या आधीच मी त्याला दाबायला जातेय.

स्क्रू पूर्ण आवळला. ती सातही काडतुसं नंतर व्यवस्थित उडाली. त्या स्क्रूला आता हात लावणार नाही.

३ फेब्रुवारी

तीन खरी, तीन डमी. न बघता सिलिंडर फिरवायचा आणि बंद करायचा. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये डमी मिसळायला दुसरं माणूस लागतं. रिव्हॉल्व्हरवर हे एकटीने जमतं, आणि गेली दोन वर्षं मी ते केलं नव्हतं.

२४ खरी, २४ डमी. डमीवर १५ वेळा डुबकी.

झटक्याची भीती नाही, हे मला पक्कं माहीत आहे. .३८ वॉडकटरचा झटका तो कितीसा? पण हाताला ते माहीत नाही, आणि हाताला समजावून सांगता येत नाही. दोन गोष्टींनी फरक पडला. एक म्हणजे प्रमाण बदललं: पाच डमी, एक खरी. सहा वेळा ओढलं की एकदा आवाज. हात कंटाळतो आणि तयारी करायची विसरतो. दुसरं, कागद उलटा लावला. समोर काळं वर्तुळ नाही, दहा नाही, नुसता कोरा पांढरा कागद. कुठे मारायचं हेच नसल्यावर ‘आता!’ म्हणायला काही उरत नाही. शेवटच्या १२ डमींवर डुबक्या ३.

१० फेब्रुवारी

डोळे. चष्मा बदलल्यापासून पुढची साईट पुसट दिसतेय, हे मी दोन महिने अंगावर काढलं. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. वरच्या भागातून टार्गेट स्वच्छ, साईट पुसट. साईट स्वच्छ हवी तर हनुवटी वर करावी लागते, आणि मान तशी ठेवून सहा गोळ्या होत नाहीत.

नेम धरून उभी राहिले आणि दुसऱ्या कुणाकडून डोळ्यापासून पुढच्या साईटपर्यंत दोरी धरून अंतर घेतलं: ६६ सेंटीमीटर. चष्मेवाल्याला तोच आकडा दिला आणि उजव्या डोळ्याला त्या अंतराची साधी काच करून घेतली. टार्गेट आता धूसर करडा गोळा दिसतो, साईटच्या कडा ब्लेडसारख्या.

धूसर टार्गेटवर विश्वास बसत नसेल तर हा हिशोब करा. माझ्या दोन साईटमधलं अंतर १९० मिमी. पुढची साईट मागच्या खाचेत फक्त १ मिमी सरकली तर १५ मीटरवर गोळी सुमारे ७९ मिमी सरकते. तेच दोन्ही साईट सरळ रेषेत राहून अख्खा हात १० मिमी हलला, तर गोळीही १० मिमीच हलते. हाताच्या हलण्याला मी दोन वर्षं घाबरले, आणि साईटच्या तिरपेपणाकडे बघितलंच नाही.

३० गोळ्या, सरासरी १३४ मिमी. यावेळी न थांबता ओढून.

१७ फेब्रुवारी

१३१. अडकलेय. कागद बघितला तर चार-पाच गोळ्या एका मुठीत मावतात, आणि एक कुठेतरी बाहेर. जवळजवळ प्रत्येक कागदावर एक.

म्हणून चेंबरना नंबर दिले. सिलिंडरवर मार्करने १ ते ६. प्रत्येक गोळीनंतर दुर्बिणीतून बघायचं आणि वहीतल्या वर्तुळात नंबर टाकायचा. वेळखाऊ काम, ३० गोळ्यांना दीड तास.

आणि हा दीड तासही वाया. घरी येऊन लक्षात आलं, की सिलिंडर बंद करताना १ नंबर मी घोड्यासमोर ठेवत होते. पण चाप ओढताच सिलिंडर आधी फिरतो आणि शेजारचं चेंबर घोड्यासमोर येतं. पहिली गोळी १ ची नव्हतीच. कधी मी १ वर ठेवलं, कधी बाजूला, तेही लिहिलेलं नाही. सगळे नंबर बेभरवशाचे.

हे करणाऱ्यांसाठी: आपला सिलिंडर कुठल्या बाजूला फिरतो ते आधी बघा. नेमबाजाच्या बाजूने बघितलं तर स्मिथ अँड वेसनचा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, कोल्टचा काट्यांप्रमाणे. माझा उलट फिरतो, म्हणून १ नंबर घोड्याच्या उजव्या हाताला ठेवून बंद करायचा.

२४ फेब्रुवारी

यावेळी नंबर बरोबर. पाच कागद, आणि वहीत उत्तर स्वच्छ: बाहेर जाणारी गोळी ३ नंबरच्या चेंबरची. पाचपैकी चार कागदांवर, दरवेळी खाली डावीकडे. ३ काढून टाकला तर ग्रुप ९० च्या आत.

चेंबर खराब! दोन महिने मी बोटाला शिव्या घातल्या आणि दोष पोलादाचा निघाला. घरी येताना गाडीत गाणं म्हटलं.

२६ फेब्रुवारी

बंदुकांची दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी वही बघितली, काही बोलले नाहीत. सहाही चेंबरच्या तोंडात गेज घालून बघितलं, सगळी सारखी. घोडा हळू मागे नेत प्रत्येक चेंबरला अडसर नीट पडतो का, सिलिंडर हलतो का, ते बघितलं. सगळं ठीक. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे चार-पाच कण अडकले होते, ते ब्रशने काढले. (हे कण सिलिंडर जड करतात आणि चाप मधेच अडखळतो. पुंगळ्या काढताना नळी वर, सिलिंडरचं मागचं तोंड जमिनीकडे करा, म्हणजे कण खाली पडतात. मी नळी आडवी धरून काढायचे.)

मग विचारलं, “ताई, तुम्ही दरवेळी एक नंबरापासूनच सुरू करता ना?”

हो म्हटलं.

“मग हे तिसरं चेंबर आहे की तिसरी गोळी?”

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळून परत दिलं.

३ मार्च

४ नंबरापासून सुरुवात. सहा कागद, ३६ गोळ्या.

३ नंबर आता शहाण्यासारखा काळ्याच्या मधोमध. बाहेर जाणारा: ६ नंबर. ४, ५, ६. तिसरी गोळी.

चेंबर निर्दोष. गाडीतलं गाणं परत घेतलं.

५ मार्च

फोन तिवईवर लावून हाताचा व्हिडिओ काढला होता, तो आज घरी सावकाश बघितला. पहिल्या गोळीला हात मुठीवर जिथे असतो, दुसऱ्या गोळीनंतर तिथे नसतो. प्रत्येक झटक्यात रिव्हॉल्व्हर तळव्यात वर घसरतं, हात मुठीवर थोडा थोडा खाली. दोन गोळ्यांत मिळून पाच-सहा मिमी. आता चाप बोटाच्या उंचीपेक्षा वर, म्हणून बोट तो सरळ मागे न ओढता खाली ओढतं. तिसरी गोळी तिथे जाते. तिसऱ्यानंतर, आणि हे मला अजिबात माहीत नव्हतं, उजव्या हाताची बोटं एकदा उघडतात आणि पुन्हा नीट पकड घेतात, साडी सावरताना निऱ्या सोडून पुन्हा धराव्यात तशी. म्हणून चौथी गोळी पुन्हा छान. सहावी थोडी घसरते, पण तिसरीएवढी नाही.

हे सगळं पाव सेकंदात होतं. मी शपथेवर सांगितलं असतं, की माझी पकड सहा गोळ्या बदलत नाही.

१० मार्च

मुठीचं काम. माझ्याकडची लाकडी मूठ जाड आणि पॉलिश केलेली. हात लहान, म्हणून चापापर्यंत बोट पोचावं म्हणून मी तळवा बाजूला वळवून धरायचे. म्हणजे झटका तळव्याच्या मधोमध न येता अंगठ्याच्या मुळावर, आणि घसरायला पॉलिश तयारच. रबराची बारीक मूठ बसवली. आता रिव्हॉल्व्हर हाताच्या हाडाच्या रेषेत येतं.

बोट आता चापावर पहिल्या पेराच्या सांध्यापर्यंत पोचतं. सिंगलसाठी सगळे बोटाच्या टोकाची गादी सांगतात, पण ५.२ किलो त्या गादीने ओढताना बोट वळतं आणि नळी बाजूला ढकलतं. सांध्याने ओढलं की सरळ मागे. डावीकडचा ओढा इथेच बराचसा गेला.

हात शक्य तितका वर, घोड्याच्या खालच्या वळणात. उत्साहात इतका वर धरला, की घोडा मागे आला तेव्हा अंगठा आणि तर्जनीमधली कातडी चिमटली. रक्त आलं. केसभर खाली.

डावा हात उजव्यापेक्षा जास्त जोराने, दोन्ही बाजूंनी सांडशीसारखा. डावा अंगठा उजव्यावर दाबून. पिस्तुलासारखे दोन्ही अंगठे पुढे ताणायचे नाहीत, कारण सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून दरवेळी तापलेला वायू बाहेर पडतो. सरांनी एकदा त्या फटीशेजारी कागदाची पट्टी टांगून एक गोळी मारून दाखवली होती. कागदाच्या चिंध्या झाल्या. बोट तिथे असलं तर काय होईल ते सांगायची गरज पडली नाही.

४२ गोळ्या. सरासरी ९८. पहिल्यांदा दोन आकडी.

पण सगळा ग्रुप उजवीकडे बसला, दहापासून बोटभर लांब.

१७ मार्च

ते सहा जानेवारीचे चार क्लिक. माझ्या साईटवर चार क्लिक म्हणजे १५ मीटरला साधारण ३० मिमी. चूक हातात होती आणि मी साईट फिरवून ती झाकली. आता हात सुधारला, तर साईट खोटं बोलायला लागली. चारही क्लिक परत. मागची साईट जिकडे फिरवाल तिकडे गोळी जाते, म्हणून फिरवायचा मोह फार होतो. ग्रुप लहान होऊन तीन-चार खेपा एकाच जागी बसेपर्यंत स्क्रू ड्रायव्हर घरी ठेवा.

४८ गोळ्या, सरासरी ९१, मधोमध.

अधूनमधून वाटतं, डबल अ‍ॅक्शनच मुळात नेमाला नाही. मग अमेरिकन नेमबाज एड मॅकगिव्हर्न आठवतो: १९३२ मध्ये त्याने डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरने पाच गोळ्या ०.४५ सेकंदात मारल्या, आणि पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. ०.४५ सेकंदात माझा चाप एकदा अर्धा मागे येतो.

२४ मार्च

फक्त १८ गोळ्या. तिसऱ्या कागदानंतर सिलिंडर उघडेना. पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडा झटक्यांनी आपोआप सैल होऊन लांब झाला होता आणि पुढे अडकला होता. काकांनी फोनवर सांगितलं तसं केलं: घोडा आणि चाप न हलवता दांडा बोटांनी आत फिरवत नेला, सिलिंडर उघडला, चेंबरमध्ये रिकाम्या पुंगळ्या घालून (नाहीतर चांदणीवर ताण येतो) दांडा आवळला. आटे उलटेही असू शकतात. माझे होते. मी पाच मिनिटं तो सरळ आट्यांचा समजून आणखी सैल करत होते.

३१ मार्च

शेवटचं मोजमाप, सहा जानेवारीसारखंच. ६० गोळ्या.

सिंगल: ६६ मिमी.
डबल: ८४ मिमी. काळ्याबाहेर एकही नाही.

सिंगलही ७२ वरून ६६ वर आलं. त्याचा सराव बारा आठवड्यांत एकदाही केला नव्हता.

खर्च: ५४६ गोळ्या, आणि घरी साडेचार हजारांच्या आसपास कोरडे चाप. त्या ५४६ पैकी १२० थांबून मारण्याच्या युक्तीत, ४८ सैल स्क्रूवर आणि ३० उलट्या नंबरांवर गेल्या. पुन्हा करायचं झालं तर पहिल्याच दिवशी हाताचा व्हिडिओ काढेन आणि तीन डमी घालेन. स्क्रू ड्रायव्हर कुलपात.

डबलचे पाचही कागद समोर पसरलेत. चार कागदांवर तिसरी गोळी दहात किंवा नऊमध्ये. पाचव्या कागदावर पाच गोळ्या एका वाटीत, आणि एक आठाच्या रेषेवर, खाली डावीकडे. वही बघितली. सहावी आहे. व्हिडिओ रात्री बघते.